गोधडीतला कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो एसटीनं, आईच्या मांडीवर बसून. बीडमध्ये मी ज्या क्लासात टायपिंग शिकले तो बंद पडत होता. त्यातला सगळ्यात जुना, कुणीच न उचललेला कॉम्प्युटर बाबांनी घरी आणायचं ठरवलं. बाबा वडवणीच्या शाळेत गुरुजी होते, आणि गुरुजी माणसाच्या एकदा मनात आलं की घरच्यांनी फक्त पिशव्या धरायच्या असतात. त्यांनी पेटी, म्हणजे ज्या डब्यात त्याचं सगळं डोकं असतं ती, स्वतःच्या दोन पायांत घट्ट धरली. कीबोर्ड माझ्या बगलेत दिला. आणि तो काचेचा जड पडदा गोधडीत गुंडाळून आईच्या मांडीवर ठेवला. बस खच्चून भरलेली. एका म्हातारबुवांनी गोधडी बघितली आणि लेकुरवाळी बाई समजून जागा दिली. घाट संपेपर्यंत आई त्या गठुड्याला थोपटत बसली होती, खोटं सांगत नाही. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकराचं त्वांड तर दावा." आईनं गोधडीचा कोपरा बाजूला केला. आसपासची सगळी माणसं वाकली, आणि त्या काळ्या काचेत त्यांना आपलेच चेहरे दिसले. कुणी काही बोललं नाही. एका बाईनं तेवढे हात जोडले.

आज माझे गुडघे बोलू लागलेत आणि घरात यंत्रं इतकी झालीत की कुठलं कुठं चार्जिंगला लावलंय ते आठवत नाही. पण त्या बसमधली ती शांतता मला अजून आठवते. एवढ्या नवलानं मी पुढं कशाकडेच बघितलं नाही. नवल वाटायला जी जागा लागते तीच आता माझ्यात कमी उरली असेल, दुसरं काय.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली लोखंडी टेबल होतं, त्यावर कॉम्प्युटर बसला. खोलीत चपला घालून जायची बंदी झाली. तसबिरीशेजारी कोनाड्यात बाबांची पाटी होती. कोपरा फुटलेली, लाकडी चौकट काळी पडलेली. आजीनं त्यांना पहिल्या दिवशी शाळेत पाठवलं ते ही पाटी हातात देऊन. दरवर्षी नवीन पोरं वर्गात आली की बाबा ती पाटी शाळेत न्यायचे, सगळ्यांना दाखवायचे, आणि सांगायचे की माझं सगळं आयुष्य या एवढ्या तुकड्यावर उभं आहे. आम्हाला ती गोष्ट पाठ होती. टेबल लावून झाल्यावर बाबांनी पाटीकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाले, "बघ शीले, हितनं तितवर आलो." मग डोळे पुसायला बाहेर गेले. आमचे बाबा रडताना नेहमी बाहेर जायचे, म्हणजे घरातल्यांना कळत नाही असा त्यांचा समज होता.

आईनं काय केलं, तर ती गोधडी कापली. आजी गेल्यावर तिच्या लुगड्यांची ती गोधडी आईनंच शिवली होती, हिरव्या काठाची. त्यातून पेटीला मापाचं अंगडं शिवलं. बटणापुरतं पुढं उघडं, बाकी सगळीकडून बंद. वडवणीची धूळ म्हणजे काय हे वडवणीत राहिलेल्यालाच ठाऊक. बाजाराच्या दिवशी तर भाकरीतसुद्धा दाताखाली करकरायची. आई म्हणाली, "एवढी मोलाची चीज, उघडी कशी ठिवायची?" आम्हा सगळ्यांना ते फार शोभून दिसलं. शेजारणी येऊन अंगड्याचे टाके बघून गेल्या.

आता हा कॉम्प्युटर घेतला कशासाठी, तर आजीच्या ओव्यांसाठी. आजी जात्यावर बसून ओव्या जोडायची. एकवीस होत्या म्हणतात. त्यातल्या एका ओवीत बाबांचं नाव होतं, तेवढीच बाबांना येत होती. बाकीच्या सगळ्या फक्त भागाआत्याला ठाऊक. भागाआत्या बाबांची थोरली बहीण, चकलांब्याला राहायची. दरसाल दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि आत्या कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. सहा महिने कुठल्या तरी कारखान्यावर कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहायची आणि उन्हाळ्यात परत यायची. त्या सालापर्यंत ती बरीच वाकली होती. उन्हाळ्यात आली तेव्हा तिचा खोकला महिनाभर गेला नव्हता. बाबा तिला नको जाऊ म्हणायचे आणि ती हसायची. बाबा मला एकदाच म्हणाले, "आक्का गेली तर आई दुसऱ्यांदा जाईल." ट्रक यायच्या आत एकवीसच्या एकवीस ओव्या उतरवून घ्यायच्या, हे काम माझ्यावर आलं. माझं वय तेव्हा अठरा, आणि घरात मला एकटीलाच मराठी टाइप करता यायचं.

वही का नाही, असं कुणीही विचारील. वही झाली होती. टेपरेकॉर्डरही झाला होता. स्वतःचा आवाज परत ऐकू आल्यावर आत्या चिडली होती, "माझंच मला परत कावून देतंय ते?" आणि वही समोर घेतली की ती गप्पच व्हायची. जात्याच्या घरघरीशिवाय तिच्या तोंडातून ओवी निघत नव्हती. जातं तर केव्हाच मोडलं होतं. घटस्थापनेच्या सुमारास ती हुलग्याचं गाठोडं घेऊन आमच्याकडे आली. मी कॉम्प्युटर सुरू केला. पेटीतला पंखा घरघरू लागला तशी आत्या दचकली, मग जवळ सरकली, कान दिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही लिहिता येत नाही. "आगं बया," ती म्हणाली, "हिच्या पोटात जातं हाय!" आणि मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि तिनं आवाज लावला:

पहिली माझी ओवी, बुद्धाच्या गं उजेडाला
जोंधळ्याचा मूठभर घास, ठेवते मी उंबऱ्याला.

माझी बोटं चालली. आत्यानं डोळे उघडले, तर तिच्या आईचे शब्द पडद्यावर एकामागून एक येत होते. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती प्रत्येक अक्षर उमटेपर्यंत थांबायची, मग पुढचा शब्द सोडायची, जात्याच्या तोंडात घास टाकावा तशी. दाराशी बाबा आणि, हातातलं पीठ तसंच ठेवून, आई उभी राहिली. आम्ही चौघंही त्या दिवशी भारल्यासारखे झालो होतो.

बाराव्या ओवीला कॉम्प्युटर हँग झाला. बाण जिथल्या तिथं, अक्षरं जिथल्या तिथं. मी सगळी बटणं दाबली. पंखा घरघरतच होता. आत्यानं वाट बघितली आणि म्हणाली, "जातं फिरतंय, पर पीठ पडत न्हाई." बंद करून परत सुरू केला. पाच-सात मिनिटं गेली. मी म्हटलं, आत्या, बारावीपासून सांग, पुसल्या गेलेल्या मागनं घेऊ. ती माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "मधूनच कुटून दळण सुरू व्हतं का? मोडलं की पयल्यापासनं." आणि तिनं खरंच पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला सातवीलाच हँग.

असे पाच दिवस गेले. पहिल्या दिवसाच्या फटक्यानंतर मी दर ओळीला सेव्ह करायला शिकले होते. त्यामुळे पहिल्या बारा ओव्या माझ्याकडे इतक्या वेळा झाल्या की मला झोपेत येऊ लागल्या. तेरावी मात्र एकदाच लागली, चौदावी अर्धी. आत्याला त्याचा कंटाळा नव्हता, तिच्या हिशेबी ते रोजचं दळण होतं. घायकुतीला मी आणि बाबा आलो होतो. रोज बसस्टँडवरून येताना बाबा बातमी आणायचे, अमक्या गावचा ट्रक भरला, तमक्या गावचा निघाला.

मी एक वही घातली. हँग कधी झाला, तेव्हा काय चाललं होतं, घरात कोण होतं, सगळं लिहायचं. शेजारच्या गिरणीची मोटर सुरू असताना झाला, म्हणून आम्ही गिरणी बंद असताना बसलो. तरी झाला. व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून बाबांनी शाळेतल्या सहकाऱ्याचा स्टॅबिलायझर मागून आणला. तरी झाला. आई शिंकली आणि झाला, म्हणून आईला तपकीर लावायला ओसरीच्याही पलीकडे पाठवलं. माझ्या लक्षात एवढंच आलं की सकाळी तो जास्त वेळ टिकतो आणि जेवणं झाली, दुपारचा पत्रा तापला की लवकर मान टाकतो. मी वहीत लिहिलं, "दुपारी आळसावतो." सगळं उत्तर माझ्या हातात होतं आणि मी त्यावर आळशीपणाचा शेरा मारून मोकळी झाले. गुरुजींची लेक शोभले!

शेवटी बाबांनी बीडहून पठाणभाईंना आणलं. क्लासातले कॉम्प्युटर तेच दुरुस्त करायचे. मोठा मान त्यांचा. आईनं त्यांच्यासाठी धपाटे केले, आणि पाहुणा येणार म्हणून गोधडीचं अंगडं धुवून वाळत घातलं. पठाणभाईंनी पेटीची बाजू उघडली. आम्ही श्वास रोखून आत बघितलं. हिरव्या पाट्या, त्यावर मुंगीएवढ्या वाड्यावस्त्या, रस्ते. आत्या माझ्या कानात म्हणाली, "कुणी वसवलं असंल गं हे गाव?" पठाणभाईंनी एक पट्टी उपसली आणि म्हणाले, "गुरुजी, खोडरबर है?" गुरुजींच्या घरी खोडरबर नसेल तर कुठं असणार. त्यांनी पट्टीचे पिवळे दात खोडरबरानं घासले, फुंकर मारली, परत बसवली. कॉम्प्युटर सुरू केला. एक तास, दोन तास. धपाटे संपले, चहा दोनदा झाला, हँग व्हायचं नाव नाही. आत्याला म्हण म्हटलं तर परक्या पुरुषापुढे ती पदरात तोंड घालून बसली. पठाणभाई उठले. "क्या बी नहीं हुआ इसको, गुरुजी. एकदम ठीक है. तुमचा वहम." ते बसमध्ये बसले. आईनं वाळलेलं अंगडं आणून, झटकून, पेटीला नीट घातलं. आत्या बसली. चौदावीला हँग.

त्या दिवशी मी खरंच रडले, आणि घरातच रडले. बाबा पाटी पुसत बसले. आत्याचा ट्रक दोन दिवसांवर आला होता. मला वाटलं, हे यंत्र आपल्या नशिबाचं नाही, आपण उगाच मोठ्यांची बरोबरी करायला गेलो.

आत्या तशीच पेटीसमोर बसून होती. तिनं अंगड्यावरून हात फिरवला. हिरवा काठ सापडला तिथं थांबली. ते लुगडं तिनं आपल्या आईच्या, म्हणजे आजीच्या अंगावर बघितलं होतं. मग तिनं हात अंगड्याच्या आत घातला, पोटाशी, लेकराचा ताप बघावा तसा. आणि झटकन मागं घेतला. परत घातला. या वेळी तिनं डोळे मिटून हात बराच वेळ आत ठेवला.

"दगडू," तिनं बाबांना हाक मारली. बाबांना दगडू म्हणणारी ती एकटीच उरली होती. "आरं, हिनं तर वाफ धरलीया."

बाबांना कळेना. आत्या म्हणाली, "पेव इसरलास व्हय रं?" जमिनीत विहिरीसारखा खड्डा घेऊन त्यात ज्वारी साठवायचे त्याला पेव म्हणायचे, एवढं मला ऐकून माहीत होतं. आत्यानं बाकीचं सांगितलं. ओल राहिलेला दाणा आत गेला की अंधारात आपोआप तापतो, वाफ धरतो. हात घातला तर भाजतं. आणि पेव उघडलं की आत जी कोंडलेली हवा असते ती माणूस मारते. "पेव मालकाचं, उतरायचं आपल्या मानसानं. आपला आबा उतरायचा. मालक वरनं वरडायचा, उतर की लवकर. आबा काठावर बसून ऱ्हायचा. म्हनायचा, वारं लागू द्या. शिव्या खायचा, पर वारं लागल्याबिगर पाय आत घालायचा न्हाई. म्हनून तर आबा जगला, आन् आपुन झालो."

मग ती आईकडे वळली. आवाज एकदम मऊ केला. "तुझी माया लई, वैनी. पर लई पांघरलं की लेकरू बी गुदमरतं. काढ ती गोधडी."

आईचं तोंड एवढंसं झालं. तिनं एकेक बंद सोडला. अंगडं निघालं तशी पेटीच्या मागच्या जाळीतून गरम हवेचा लोट माझ्या हाताला लागला, आणि मला वहीतला माझाच शेरा आठवला. पठाणभाई असताना पेटी उघडी होती. सकाळी पत्रा थंड असतो. आम्ही, शिकलेली माणसं, आठ दिवस व्होल्टेज शोधत होतो आणि त्या बिचाऱ्याचा जीव आजीच्या लुगड्यात कोंडला होता. ज्या बाईला अक्षर येत नाही तिनं हात लावून ओळखलं. मी पुढं पुष्कळ शिकले, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. आत्याचा तो हात पेटीच्या पोटाशी होता तेवढा वेळ मला जे वाटलं, तसं परत कुणासमोर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. पेटी उघडी, शेजारी टेबलफॅन. आत्यानं तोंड धुतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. सुरू करायच्या आधी पेटीच्या जाळीला तळहात लावून बघितला. बाबांनी शाळेत रजा टाकली होती, ते उंबऱ्यावर बसले. पहिली झाली. नववी आली, बाबांची:

नववी माझी ओवी, दगडू गेला शाळंला
पाटीवरल्या अक्षरानं, उजेड पडला वस्तीला.

ती बाबाही आत्याबरोबर ओठातल्या ओठात म्हणाले. बारावी गेली. चौदावीही गेली. पंधरावी, सोळावी आम्ही कुणीच ऐकलेली नव्हती. पंखा घरघरत होता आणि पीठ पडत होतं. मेलेल्या बाईचं बोलणं ओळीओळीनं पुढं येत होतं, तिची सासू, तिचं पाणी भरणं, तिनं सोडलेले देव, तिनं धरलेला बुद्ध. विसावी झाली. आत्या थांबली. मला वाटलं विसरली. ती बाबांकडे न बघता पडद्याकडे बघत म्हणाली:

एकविसावी माझी ओवी, भागू माझी थोरली लेक
तिची पाटी त्याच्या हाती, तवा शिकला धाकला एक.

मी टाइप केलं. शेवटचा शब्द उमटला.

बाबा उठले, कोनाड्यातून पाटी काढली आणि आत्यासमोर धरली. "आक्का... ही तुझी व्हती?"

"माझीच की. महिनाभर गेलते मी शाळंला. त्यो कोपरा मीच फोडलाय, आंब्यावर मारली व्हती." ती हसली. "मग तू मोठा झालास. घरात पाटी एकच, आन् जात्यावर दुसरा हात पायजे व्हता."

"मला कावून सांगितलं न्हाईस आजवर?"

"तुला उपकार दावल्यावानी झालं असतं. आता बी तुला कुटं सांगितलंय? मशिनीला सांगितलं." मग ती माझ्याकडे वळली. "ऱ्हाईल ना गं हे? पुसनार न्हाई ना, पाटीवानी?"

मी म्हटलं, नाही पुसणार. तो शब्द मी पाळलाय. फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पुढच्या यंत्रात, जुना फॉन्ट वाचता येईना तेव्हा सगळ्या एकवीस पुन्हा हातानं टाइप करून. घरात नवीन यंत्र आलं की त्यात पहिलं पाऊल त्या ओव्यांचं पडतं.

ट्रक ठरल्या दिवशी आला. बाबांनी अडवून बघितलं. आत्या म्हणाली, मुकादमाला शब्द दिलाय. जाताना तिनं एकच गोष्ट मागितली, ते गोधडीचं अंगडं, कोपीत उशाला. आईनं रात्रीतून त्याचे बंद उसवून चौघडी शिवून ठेवलीच होती.

ट्रक गेल्यावर बाबा घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसले. तोवर बिघडेल म्हणून त्यांनी कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. मी दारातून बघत होते. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, पहिलीतल्या पोरासारखे ते टाइप करत होते. बऱ्याच वेळानं मी चहा घेऊन गेले. एकविसाव्या ओवीच्या खाली एकच ओळ होती: बाविसावी माझी ओवी, माझ्या थोरल्या आक्काला. पुढं काही नव्हतं. बोट कीबोर्डवर तसंच टेकलेलं, बाबा हलत नव्हते. पाटी मांडीवर होती. आणि या वेळी ते रडायला बाहेर गेले नव्हते.

मी हळूच विचारलं, "बाबा, परत हँग झाला का?"

बाबांनी पेटीच्या जाळीला तळहात लावून बघितला. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"न्हाई गं, चालू हाय," ते म्हणाले. "थांब जरा. वारं लागू दे."